ओले मूळ

श्रावणातली दुपार होती. वाचनालयाच्या पत्र्यावर पाऊस थांबून थांबून वाजत होता, वर्तमानपत्रांच्या लांब टेबलाशी रोज बसणारी निवृत्त मंडळी त्या दिवशी घराबाहेर पडली नव्हती, आणि पावसाळ्यात कपाटे उघडली की जुन्या कागदाचा जो दमट, किंचित आंबूस वास येतो, तो सगळ्या खोलीत भरून राहिला होता. अशा वेळी तो आला. छत्री दाराबाहेर टेकवून, पायपुसण्यावर पाय नीट कोरडे करून तो देवघेवीच्या टेबलापाशी आला आणि प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेले, यशस्वी कसे व्हावे हे सांगणारे एक पुस्तक त्याने माझ्यासमोर ठेवले. मुदत उलटून नऊ दिवस झाले होते. दंडाचे सुटे पैसे त्याने मी मागण्याआधीच पुस्तकावर ठेवले. मी नोंदवहीत त्याच्या नावासमोर परतीची तारीख लिहीत असताना त्याने विचारले, "मॅडम, खरं सांगा, ह्या असल्या पुस्तकांनी कुणाचं भलं झालेलं बघितलंय का ओ तुम्ही?" मी मान वर न करताच म्हणाले, "ते शेवटी वाचणाऱ्यावर असतं रे." तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "व्हय. पुस्तकात बी तेच लिहिलंय." आणि छत्री उघडून निघून गेला.

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. म्हणूनच ते वाक्य मनात रुतून बसले. तासगाव तालुक्यातल्या या लहानशा वाचनालयात मी चोवीस वर्षे ग्रंथपाल म्हणून काम करते आहे. तो पाचवीत असताना बालविभागाचा सभासद झाला, तेव्हापासून मी त्याला ओळखते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दप्तरासह तो थेट इकडे येई आणि जमिनीवर मांडी घालून, ओठ हलवत वाचत बसे. पदवी झाल्यावर २०१४ च्या उन्हाळ्यात तो स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्याला गेला. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणे, मेसचा डबा, अभ्यासिकेतली ठरलेली खुर्ची, अप्पा बळवंत चौकातून आणलेली जुनी पुस्तके, हे सगळे मला त्याच्या आईकडून कळत असे. पूर्वपरीक्षा तो चारदा उत्तीर्ण झाला, मुख्य परीक्षा दोनदा, आणि एकदा मुलाखतीपर्यंत जाऊन तीन गुणांनी मागे राहिला. सात वर्षांनी तो परत आला आणि वडिलांच्या दीड एकर द्राक्षबागेत राबू लागला. त्या मुलाला मी, त्याच्याकडे न पाहता, सांगितले होते की ते वाचणाऱ्यावर असते.

त्याने आणखी किती वाचायला हवे होते?

पुस्तक जागेवर ठेवायला उठले तेव्हा त्यातून एक घडी घातलेला कागद खाली पडला. वहीचे रेघांचे पान होते, मध्ये चार घड्या, घडीच्या जागी कागद झिजून जवळजवळ फाटलेला. वरच्या अर्ध्या भागात निळ्या शाईने एकच वाक्य ओळीने एकवीस वेळा लिहिलेले होते : "मी उपजिल्हाधिकारी झालो आहे." प्रत्येक ओळीला क्रमांक. सुरुवातीचे अक्षर टपोरे आणि सरळ होते, पंधराव्या-सोळाव्या ओळीपासून ते उजवीकडे कलू लागले होते, आणि शेवटच्या ओळीत "आहे" हा शब्द समासाच्या कडेला दाटीवाटीने बसवलेला होता. खाली वेळापत्रक : पहाटे चारला उठणे, साडेचार ते सात इतिहास, सात ते साडेसात व्यायाम. सर्वांत खाली पट्टीने आखलेले एकवीस चौकोन होते. तेरा चौकोनांत बरोबरच्या खुणा होत्या. चौदावा रिकामा होता, आणि त्यापुढचे सगळे रिकामे. तो कागद हातात धरून मी कपाटापाशी बराच वेळ उभी राहिले. इतके खासगी काही आपण वाचायला नको होते, असे वाटत होते, आणि तरी पुन्हा पुन्हा नजर त्या चौदाव्या चौकोनावर जात होती.

ते कपाट मी स्वतः लावलेले आहे. मी रुजू झाले तेव्हा अशी पुस्तके मोजून सात-आठ होती आणि ती "संकीर्ण" या चिठ्ठीखाली, पाककृती आणि वास्तुशास्त्राच्या शेजारी उभी असत. पुढे मागणीच्या नोंदवहीत त्यांचीच नावे दिसू लागली आणि दरवर्षीच्या खरेदीत मी ती घेत गेले. आज तीन खण पूर्ण भरलेले आहेत. दहावी-बारावीची मुले, भरतीची तयारी करणारे तरुण, पतसंस्थेत पिग्मी गोळा करणारे, नुकतीच विमा एजन्सी घेतलेले, दुकान डबघाईला आलेले व्यापारी, असे सगळे या खणांशी येतात. ही पुस्तके लवकर खिळखिळी होतात. दोन वर्षांत पुठ्ठा सुटतो आणि मला ती बांधणीला पाठवावी लागतात. इतकी हाताळली जाणारी पुस्तके निरुपयोगी आहेत, असे म्हणण्याचे धाडस मला कधी झाले नाही. पण पाने चिकटवताना एक गोष्ट मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. पेन्सिलीच्या खुणा बहुधा पहिल्या चाळीस-पन्नास पानांतच असतात. तिथे जवळजवळ प्रत्येक वाक्याखाली रेघ असते, समासात चांदण्या असतात, "हे रोज वाचणे" असे लिहिलेले असते. नंतर रेघा विरळ होतात आणि मग पाने कोरी राहतात. तारीखपत्रिकेवर मात्र तोच सभासद तीन-चार महिन्यांनी ते पुस्तक पुन्हा नेल्याचे दिसते, आणि पुन्हा खुणा पहिल्याच पानांवर पडतात, जुन्या रेघांच्या शेजारी नव्या. देवळात जसे माणूस पुन्हा पुन्हा त्याच पायरीपाशी येऊन उभे राहते, तसे ते मला वाटते. त्या पहिल्या चाळीस पानांत काहीतरी मिळते, म्हणून तर माणूस परत येतो. ते काय असते, हे मला ठाऊक आहे, कारण एकदा ते मलाही मिळाले होते.

मी रुजू होण्याच्या आदल्या वर्षी माझी आई मिरजेतल्या एका दवाखान्यात सदतीस दिवस होती. रात्री तिच्यापाशी मी असायची. वॉर्डातले दिवे दहाला मालवत, म्हणून मी बाहेरच्या बाकावर, जिन्याजवळच्या ट्यूबलाइटखाली बसत असे. फिनेलचा वास, मध्येच स्ट्रेचरच्या चाकांची खडखड, आणि पहाटे चारच्या सुमाराला खाली चहाच्या गाडीवर स्टोव्ह पेटल्याचा आवाज, हे सगळे अजून कानात आणि नाकात आहे. शेजारच्या रुग्णाच्या भावाने एका रात्री मला डेल कार्नेगी यांच्या चिंतेविषयीच्या १९४८ सालच्या पुस्तकाचा मराठी अनुवाद वाचायला दिला. त्यात सुरुवातीलाच विल्यम ऑस्लर या डॉक्टरांची गोष्ट आहे. ऑस्लर यांनी १९१३ साली येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना सांगितले होते की, मोठ्या जहाजात पाणी शिरू नये म्हणून जसे एकेक कप्पा बंद करता येतो, तसा कालचा आणि उद्याचा दिवस बंद करावा आणि आजच्या दिवसाच्या कप्प्यात राहावे. मी पुस्तक मिटले आणि मनाशी म्हटले, आजची रात्र. उद्याचे औषधाचे पैसे, परवाची तपासणी, भावाला कसे सांगायचे, हे सगळे दाराबाहेर. त्या रात्री मला बाकावर बसल्याबसल्या तासभर झोप लागली. पुढच्या कितीतरी रात्री मी याच एका गोष्टीवर काढल्या. आई वाचली नाही. पुस्तकाने तिला वाचवले नाही, मला नोकरी मिळवून दिली नाही, माझ्या परिस्थितीत कणभरही फरक केला नाही. तरी ते पुस्तक खोटे होते, असे मी कुणालाही म्हणू देणार नाही.

मात्र त्याला यश म्हणता येणार नाही, आणि मुखपृष्ठावर शब्द असतो तो यशाचा.

तो कागद सापडल्यानंतरचे काही आठवडे मी ही सारी कपाटे नव्याने वाचू लागले. या प्रकारच्या लेखनाला ज्याच्या शीर्षकाने नाव दिले, ते सॅम्युअल स्माइल्स यांचे "सेल्फ हेल्प" १८५९ सालचे आहे. पहिल्याच वर्षी त्याच्या वीस हजार प्रती गेल्या, १८७१ मध्ये ते जपानी भाषेत आले आणि तिथल्या एका पिढीने ते डोक्यावर घेतले. पण मला त्या पुस्तकाहून त्याची प्रस्तावना अधिक मोलाची वाटली. लीड्स शहरातले दोन-तीन गरीब तरुण कामगार हिवाळ्याच्या संध्याकाळी एकमेकांना शिकवण्यासाठी एका झोपडीवजा घरात जमू लागले. ज्याला थोडे वाचता येत असे, त्याने न येणाऱ्याला शिकवायचे. ज्याला हिशेब येत असे, त्याने हिशेब. संख्या वाढली, उन्हाळा आला, तेव्हा ते बागेत उघड्यावर बसू लागले आणि एखादी सर अचानक आली की त्यांच्या पाट्यांवरची गणिते धुऊन जात. पुढे त्यांनी एक मोठी, कळकट खोली भाड्याने घेतली. पटकीच्या साथीत तिथे तात्पुरते इस्पितळ होते, म्हणून ती कुणी घेत नव्हते. तोवर ते शंभराच्या घरात गेले होते, आणि मग त्यांनी स्माइल्स यांना चार शब्द सांगायला बोलावले. त्या भाषणांतून पुढे पुस्तक झाले. म्हणजे स्वतःच्या बळावर उभे राहण्याची ही सगळी शिकवण शंभर जणांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत जन्माला आली. नावामुळे लोकांनी त्या पुस्तकाला स्वार्थाची शिकवण समजू नये, शेजाऱ्याला मदत करणे स्वतःला मदत करण्यातच येते, असा खुलासा स्माइल्स यांना नंतरच्या आवृत्तीत करावा लागला. माझ्या तीन खणांतली बहुतेक पुस्तके मी पालथी घातली. त्यांत पहाटे उठणारा माणूस आहे, आरशासमोर उभा राहणारा आहे, ध्येय लिहून भिंतीला चिकटवणारा आहे. तो जवळजवळ सगळीकडे एकटा आहे. पाटीवरचे गणित पावसाने धुतले तर त्याच्या शेजारी बसून ते पुन्हा मांडून देणारे कुणी नाही.

कागदावरच्या त्या एकवीस ओळींचे मूळही मी शोधले. एकवीस दिवसांत सवय लागते, ही गोष्ट मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरली. त्यांनी लिहिले होते ते असे की, चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला स्वतःच्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला किमान एकवीस दिवस लागतात. सांगताना सांगताना त्यातला "किमान" गळून गेला आणि चेहऱ्याची गोष्ट सगळ्या सवयींना लागू झाली. लंडनमधल्या संशोधकांनी शहाण्णव लोकांना एकेक साधी सवय लावून घ्यायला सांगून बारा आठवडे नोंदी ठेवल्या. २००९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार सवय अंगवळणी पडायला, सगळ्यांना क्रमाने लावले तर मधल्या माणसाला, सहासष्ट दिवस लागले, कुणाचे अठरा दिवसांत भागले, तर कुणाला दोनशे चोपन्न दिवस लागतील असे दिसले. शिवाय एखादा दिवस चुकला तर फारसे बिघडत नाही, असेही त्यांना आढळले. हे वाचताना मला चौदावा चौकोन आठवला. एक दिवस चुकला म्हणून सगळे संपले, असे त्या मुलाला वाटले असेल. पंधराव्या चौकोनात खूण करायला काहीच हरकत नव्हती, हे त्याला त्या क्षणी सांगायला हवे होते, आणि ज्या पुस्तकात एकवीस चौकोन आखायला सांगितले होते, त्यात ते कुठेही नव्हते.

त्याहून अधिक वाईट वाटले ते त्या वाक्याविषयी वाचून. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की, स्वतःविषयी चांगली वाक्ये पुन्हा पुन्हा म्हटल्याने ज्यांचा आत्मविश्वास मुळात बरा असतो त्यांना थोडे बरे वाटते, पण ज्यांना स्वतःविषयी कमीपणा वाटत असतो त्यांना उलट अधिकच वाईट वाटते. ते समजायला मला प्रयोगाची गरज नव्हती, असे नंतर वाटले. "मी झालो आहे" असे एकवीसदा लिहिताना मनाच्या तळाशी कुणीतरी एकवीसदाच "अजून नाही" असे म्हणत असणार. अक्षर पंधराव्या ओळीपासून कलले, ते हात दुखल्याने की त्या दुसऱ्या आवाजाने, कोण सांगणार. कॅलिफोर्नियात झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना परीक्षेत उत्तम गुण मिळाल्याचे चित्र रोज डोळ्यांसमोर आणायला सांगितले होते, तर काहींना आपण टेबलाशी बसलो आहोत, पुस्तक उघडले आहे, टिपणे काढतो आहोत, एवढेच पाहायला. अभ्यासाचे चित्र पाहणारी मुले अधिक बसली आणि अधिक गुण मिळवून गेली. निकालाचे चित्र पाहणारी मागे राहिली. त्या कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात साडेचार ते सात इतिहास असे लिहिले होते. माझ्या मते त्या पानावर कामाचे होते ते तेवढेच.

कामाचे असे काही या पुस्तकांत असते, हेही मी डोळ्यांनी पाहिले आहे. सात-आठ वर्षांपूर्वी गावातली एक शिवणकाम करणारी बाई मुलीच्या नावावरचे असेच एक पुस्तक घेऊन आली आणि त्यातल्या दोन पानांची झेरॉक्स काढून द्याल का, असे तिने विचारले. बाकीचे तिने वाचले नव्हते, आणि वाचायचा तिचा विचारही नव्हता. त्या पानांवर रोज रात्री झोपण्याआधी दिवसाची जमा आणि खर्च दोन रकान्यांत लिहायचे, रक्कम कितीही लहान असली तरी लिहायची, एवढेच सांगितले होते. तिने ती पाने शिलाई मशीनच्या वरच्या भिंतीला खिळ्याने ठोकली. उधारीवर शिवलेल्या ब्लाउजांचे किती पैसे गावात अडकले आहेत, हे तिला पहिल्यांदा त्या वहीतून कळले. पुढच्या दिवाळीला तिने अर्धे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय कापड हातात घेतले नाही. आता तिच्याकडे पिको-फॉलचे यंत्र आहे आणि एक मुलगी मदतीला असते. कोणत्याही पुस्तकाच्या पाठीवर छापावी अशी ही यशोगाथा नाही. पण त्या दोन पानांनी तिचे भले केले, आणि त्याने विचारले तेव्हा ती मला आठवायला हवी होती.

तिची वही आणि त्याचे सात वर्षांचे कष्ट एका तराजूत मात्र तोलता येत नाहीत. उधारी बंद करणे तिच्या हातात होते. काहीशे जागांसाठी लाखांनी अर्ज येतात तिथे किती जणांनी निवडून यायचे हे आधीच ठरलेले असते. सगळ्यांनी पहाटे चारला उठायचे ठरवले तरी जागा वाढत नाहीत. मार्च २०२१ मध्ये करोनामुळे आधीच लांबत गेलेली परीक्षा तीन दिवसांवर आलेली असताना पुन्हा पुढे ढकलली गेली आणि पुण्यात मुले रस्त्यावर उतरली, तेव्हा तोही त्या गर्दीत होता. त्या वर्षी त्याच्या वडिलांनी त्याच्यासाठी सोसायटीचे कर्ज नवे-जुने केले होते. ध्येयावर नजर ठेवा, असे सांगणाऱ्या कोणत्याही पुस्तकात हे प्रकरण नव्हते. माझ्या कपाटात यशस्वी अधिकाऱ्यांची आत्मकथने आहेत, ती प्रामाणिक आहेत आणि त्यांतले कष्ट खरे आहेत, याविषयी मला शंका नाही. पण तितकेच कष्ट करून तीन गुणांनी राहिलेल्याचे एकही आत्मकथन माझ्याकडे नाही. ते कुणी छापत नाही, आणि छापले तरी मागणीच्या नोंदवहीत कुणी त्याचे नाव लिहिणार नाही. त्यामुळे एकाच बाजूची साक्ष ऐकून वाचणारा स्वतःच्या विरुद्ध निकाल देऊन मोकळा होतो. "ते वाचणाऱ्यावर असतं" हे वाक्य त्याला सात वर्षे प्रत्येक पुस्तकाने ऐकवले होते, आणि गावी परत आल्यावर ज्या एका ठिकाणी ते कुणी ऐकवू नये, तिथे ते मी ऐकवले.

आपल्याकडे ही शिकवण काही नवी नाही. तुकोबांचा अभंग आजोबा रोज पहाटे म्हणत : ओले मूळ भेदी खडकाचे अंग, अभ्यासासी सांग कार्यसिद्धी. पुढे दोराने दगडी चिरा कापला जातो, असेही येते. आमच्या जुन्या विहिरीच्या काठावर दोराने पडलेल्या खाचा मी लहानपणी बोटाने चाचपून पाहिल्या आहेत, त्यामुळे ते मला नेहमीच अक्षरशः खरे वाटत आले. अभ्यासाने सगळे साधते, असाच अर्थ मी इतकी वर्षे त्यातून घेतला होता. पण त्या दिवसांत रात्री अंथरुणावर पडल्यावर तो चरण आठवला आणि पहिल्या शब्दापाशी मी अडखळले. मूळ खडक फोडते, पण ते ओले असावे लागते. वाळलेल्या मुळाने कितीही अभ्यास केला तरी खडकाला चीर जात नाही. आमच्या भागात दुष्काळाच्या वर्षांत लोकांनी टँकरने पाणी घालून बागा जगवल्या आहेत. वेलीने हिंमत धरावी, असे तेव्हा कुणी वेलीला सांगत बसले नाही. तो ओलावा कुठून यायचा? घरातल्यांनी धरलेल्या धीरातून, वेळेवर झालेल्या परीक्षेतून, शेजारच्या खुर्चीवरच्या मित्राकडून, एखाद्या खोलीत पेटलेल्या दिव्यातून. कधी कधी, एका रात्रीपुरता, पुस्तकातूनही. मी तो बाकावर बसून प्यायले आहे.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो आला. फळछाटणी उरकली होती. काडीच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटतात त्या जागांना, पेस्ट लावून बोटांच्या पेरांवर रंग बसला होता आणि तो साबणाने गेला नव्हता. बाग कशी आहे, असे विचारल्यावर तो म्हणाला, "घड कमी हाईत, मॅडम. यंदा मे महिन्यातच पाऊस लागला. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ऊन पाहिजे, तवा काडीत घड धरतो. तो डोळ्यांनी दिसत नाही. काडी लॅबला नेऊन दाखवली, तवाच कळलं की ह्या वर्षी कमी." मग थोड्या वेळाने म्हणाला, "आमचं काय चुकलं नव्हतं ह्यात." हे वाक्य त्याने इतक्या सहजपणे उच्चारले की मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले.

मी खणातून तो कागद काढला. "तुझा आहे. पुस्तकात राहिला होता. मी वाचला, मला माफ कर." त्याने हात पँटला पुसून कागद घेतला, उलगडला, वरपासून खालपर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला. "हे माझं अक्षर नाही, मॅडम," तो म्हणाला. "मला पुस्तक नेलं तेव्हा दिसला हुता. म्हटलं, ज्याचा त्याला मिळू दे, म्हणून तसाच ठेवला." आम्ही दोघांनी पुस्तक काढून मागची तारीखपत्रिका पाहिली. चार वर्षांत अकरा शिक्के होते. नोंदवही चाळून कोण कोण होते ते शोधता आले असते, पण आम्ही दोघांनीही ती उघडली नाही. तो त्या रिकाम्या चौकोनांवर बोट फिरवत म्हणाला, "मी पण असंच लिहायचो. माझे अठरा झाले होते."

मी त्याला सांगितले की, श्रावणात तू विचारलेस तेव्हा मी जे बोलले ते चुकीचे होते, आणि ते मला तेव्हापासून लागून राहिले आहे. त्याला तो प्रसंग आठवायला थोडा वेळ लागला. मग मी त्याला आईच्या त्या सदतीस रात्रींविषयी सांगितले, शिवणकाम करणाऱ्या बाईच्या भिंतीवरच्या दोन पानांविषयी सांगितले, आणि कष्ट करूनही राहून गेलेल्यांपैकी कुणी लिहिलेले एकही पुस्तक माझ्या कपाटात नाही, हेही सांगितले. तो ऐकत होता. बाहेर ढग भरून येत होते आणि त्याचे लक्ष अधूनमधून दाराकडे जात होते, कारण पुढच्या महिन्यात बाग फुलोऱ्यात येईल तेव्हा पाऊस झाला तर घड कुजतात. "अभ्यासिका काढा की इथं," तो एकदम म्हणाला. "मागची खोली रिकामीच असती. आठवी-नववीची पोरं आली तर गणित मी घेईन. संध्याकाळी सातनंतर मला वेळ असतो."

मागच्या खोलीत बांधणीला काढलेल्या पुस्तकांचे गठ्ठे आणि एक मोडका बाक आहे. पत्रा दोन ठिकाणी गळतो. पत्रा आधी बघावा लागेल, असे मी म्हणाले. तो कागद पुन्हा चार घड्यांत मिटून त्याने माझ्या हातात दिला, आणि आम्ही खोली पाहायला आत गेलो.